मोलाचं मोल

कन्नडात सशाला ‘मोल’ म्हणतात, हे आपल्या भागातल्या वाचकांना सांगायला नको. माझ्या लग्नानंतर मात्र याच शब्दाने माझी चांगली फजिती केली होती. मी मूळची कोल्हापूरकडची, सासर बेळगावचं, घरात कन्नड. लग्नाला जेमतेम महिना झाला असेल. परसदारी उभ्या असलेल्या सासूबाई एकदम “मोल! मोल!” म्हणाल्या आणि मी हातातली परात खाली ठेवून धावत गेले. मला वाटलं, दारावर भांडीवाली आलीय आणि सासूबाईंचा मोलभाव चाललाय. बघते तर बांधावरून एक रानससा टणाटण उड्या मारत चाललेला! माझ्या “कशाचं मोल?” या प्रश्नावर घरात आठवडाभर हसणं चाललं होतं.

आज लिहायचं आहे ते या दोन्ही मोलांविषयी. कन्नडातल्या आणि मराठीतल्याही.

गेल्या एप्रिलमध्ये धाकट्या बहिणीचा महूहून फोन आला. “ताई, तुझ्या भाचीने ससा हवा म्हणून घर डोक्यावर घेतलंय. वाढदिवसाला दुसरं काही नको म्हणते. तू सुट्टीत येणारच आहेस, मग आलीस की ठरवू.” मी फोन सासूबाईंना दिला. त्यांनी हकिगत ऐकून घेतली आणि हसून म्हणाल्या, “तानु हिडिद मोलक्के मूरे कालु.” आपण धरलेल्या सशाला तीनच पाय! एकदा हेका धरला की मग चौथा पाय दाखवला तरी दिसत नाही.

महू म्हणजे इंदूरजवळची जुनी लष्करी छावणी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी तिथला, म्हणून 2003 साली गावाला डॉ. आंबेडकर नगर हे नाव मिळालं, तरी बोलण्यात महूच आहे. आपल्या बेळगावशीही या गावाचं नातं आहे. बेळगावची ज्युनिअर लीडर्स विंग ही महूच्या इन्फन्ट्री स्कूलचाच भाग. माझे मेहुणे तीन वर्षं बेळगावात होते, ते त्याच वाटेने महूला गेले. त्या तीन वर्षांत भाची आमच्या घरी वाढली म्हटलं तरी चालेल. माझ्या सासूबाईंना ती अज्जी म्हणते, आणि तिच्या मराठीत कन्नड शब्द इतके मिसळलेले आहेत की महूच्या शाळेत मैत्रिणींना तिची निम्मी बडबड कळत नाही.

बहिणीच्या घरात आधीच दोन प्राणी. एक शेरू, नऊ वर्षांचा लॅब्राडोरच्या वळणाचा कुत्रा. दुसरी मनी, दोन वर्षांची, कुठून तरी येऊन क्वार्टरच्या ओट्यावर ठाण मांडलेली मांजर. त्यात तिसरा ससा! दुसऱ्या कुणी विचारलं असतं, तर मी हौसेने गाडीत बसले असते. पण या फोनने माझी झोप उडवली. त्याचं कारण बारा वर्षांपूर्वीचं आहे, आणि ते मी आजवर फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

तेव्हा माझा मुलगा आठ वर्षांचा होता. घरी मुधोळ जातीचा कुत्रा होता. बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळचा हा कुत्रा म्हणजे आपल्या भागाचा अभिमान. 2005 साली टपाल खात्याने भारतीय कुत्र्यांची जी चार तिकिटं काढली, त्यांत एक मुधोळचं होतं. उंच पाय, खपाटीला गेलेलं पोट, वाऱ्यासारखा वेग. हा कुत्रा नाकापेक्षा डोळ्यांनी शिकार करतो. शेताच्या त्या टोकाला काही हललं की इकडे त्याचे कान ताठ होतात. पिढ्यान् पिढ्या तो पोसला गेला तो सशामागे धावण्यासाठीच. हे सगळं मला ठाऊक होतं, आणि तरीही बाजारातून मी मुलासाठी मुठीएवढं सशाचं पिल्लू आणलं. पिंजरा भक्कम होता. शेजारीण म्हणाली, “अहो, कुत्र्याचं कसं व्हायचं?” मी म्हणाले, “जाळी आहे ना. होईल हळूहळू सवय.”

कुत्र्याने पिंजऱ्याला पंजासुद्धा लावला नाही. तो फक्त समोर बसून राहिला. दिवसभर बसला, रात्री बसला. हूं की चूं नाही, नजर तेवढी हलत नव्हती. पिल्लू मागच्या कोपऱ्यात अंग आकसून बसलेलं. दुसऱ्या दिवशी त्याने गाजराला तोंड लावलं नाही. मला वाटलं, नवीन जागा आहे, खाईल उद्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगा उठून पिंजऱ्यापाशी गेला आणि तिथूनच त्याने मला हाक मारली. त्या हाकेवरूनच मला कळलं. पिल्लाच्या अंगावर ओरखडादेखील नव्हता.

कुत्र्याने त्याला नुसतं पाहिलं होतं. आणि ‘होईल सवय’ म्हणणारी मी होते.

‘सशाचं काळीज’ हा शब्द आपण भित्र्या माणसाला चिडवायला वापरतो. त्यात शरीरशास्त्र किती आहे, ते मला नंतर वाचून कळलं. ससा हा दुसऱ्याचं भक्ष्य असलेला प्राणी. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे जवळजवळ चारी दिशांचं त्याला दिसतं. धोका जाणवला की तो पळतो, आणि पळायला वाट नसेल तर दगडासारखा थिजतो. आपण म्हणतो, “बघा किती शांत बसलाय!” खरं तर तेव्हा तो भीतीने अर्धा झालेला असतो. दुखलं-खुपलं तरी तो ओरडत नाही, कारण रानात ओरडणारा आधी मरतो. शिवाय त्याचं आतडं सतत चालू राहावं लागतं. भीतीने किंवा दुखण्याने त्याने खाणं सोडलं की आतड्याची हालचाल मंदावते, पोटात वायू धरतो आणि प्रकृती झपाट्याने ढासळते. दहा-बारा तास सशाने काही खाल्लं नाही, लेंड्या टाकल्या नाहीत, तर उद्याची वाट न पाहता त्याला डॉक्टरकडे न्यायचं असतं. मी दोन दिवस वाट पाहिली होती.

हे ओझं घेऊन मी मे महिन्यात महूला पोचले.

माळव्यातल्या रात्री गार असतात असं म्हणतात, आणि ते खरंही आहे, पण मे महिन्याच्या दुपारी तिथे पारा चाळिशी गाठतो. दुसऱ्याच दिवशी बहिणीने शेजारच्या निवृत्त पशुवैद्यांकडे नेलं. महूला 1955 सालापासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, त्यामुळे गावात या विषयाची जाणती माणसं सापडतात. हे गृहस्थ मूळचे इंदूरचे मराठी. मधेमधे हिंदी पेरत मोठं गोड मराठी बोलतात. मला वाटलं, कुठला ससा चांगला, कुठे मिळेल, हे ते सांगतील. त्यांनी सशाचं नावच काढलं नाही. भाचीला समोर बसवून विचारलं, “बेटा, तुमचा कुत्रा खारीमागे धावतो का? धावताना हाक मारली तर परत फिरतो का? आणि मांजर काय काय धरून आणते?”

भाची गोंधळली. “डॉक्टरकाका, मी सशाचं विचारतेय.”

“मीसुद्धा सशाचंच विचारतोय,” ते म्हणाले. “ससा नंतर बघायचा. आधी घर बघायचं.”

वाचकहो, या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल, तर ते हे ठेवा. ज्या घरात आधीपासून प्राणी आहेत, त्या घराने ससा निवडण्याची सुरुवात त्या प्राण्यांपासून करावी. मी बारा वर्षांपूर्वी उलटं केलं होतं. पिल्लू आवडलं म्हणून घेतलं आणि घराने त्याच्याशी जमवून घ्यावं अशी अपेक्षा धरली.

आम्ही दोन दिवस नुसतं पाहिलं. अंगणातल्या लिंबाखाली खारी उतरल्या की शेरू मान वर करून बघायचा, एखाद्या वेळी दोन पावलं टाकायचा. पण “शेरू, इकडे” म्हटलं की शेपूट हलवत परत. वय झालेला, मुळात मऊ स्वभावाचा. डॉक्टर म्हणाले, याला शिकवता येईल. हाच जर खारीमागे बेभान धावणारा, हाक कानावर न घेणारा कुत्रा असता, तर त्या घराला त्यांनी ससा नकोच म्हटलं असतं. मुधोळ, कारवान असले शिकारी कुत्रे पाळणाऱ्यांना तर ते हात जोडूनच सांगतात. कुत्रा वाईट म्हणून नव्हे. ज्या कामासाठी आपण त्याला घडवलं तेच तो करील, त्याचा दोष त्याला कसा द्यायचा?

मनीचं मात्र वेगळं निघालं. पाली, उंदीर, एकदा चिमणी. म्हणजे लहान पिल्लू तिच्यापुढे ठेवणं शक्यच नव्हतं. मांजराचा दात किंवा नख नुसतं निसटतं लागलं, तरी त्यातले जंतू सशाला मारायला पुरतात. जखम टाचणीएवढी दिसली तरी तातडीने डॉक्टर गाठावा लागतो. याउलट दीड-दोन किलोच्या मोठ्या सशापुढे बहुतेक मांजरं जरा बेतानेच वागतात. पुष्कळदा ससाच मांजराला दटावतो. तेव्हा उत्तर आपोआप मिळालं: घ्यायचाच तर पूर्ण वाढलेला.

नंतर आम्ही ससे पाहायला निघालो. तीन पाहिले.

पहिलं इंदूरच्या एका दुकानात. पांढरीशुभ्र, लाल डोळ्यांची दोन पिल्लं, हाताच्या तळव्यावर मावतील एवढी. दुकानदार म्हणाला, दोन्ही माद्या आहेत, खुशाल एकत्र ठेवा. भाची जागीच विरघळली. मी खरं सांगते, मीही विरघळले. पण पिल्लं जेमतेम महिन्याची दिसत होती, आणि सशाचं पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये. एवढ्या लहानपणी नर की मादी हे ओळखण्यात जाणकारही चुकतात. चूक झाली तर चार-पाच महिन्यांत घरात पाळणा हलतो. सशाची मादी एका महिन्यात विते आणि विल्याबरोबर पुन्हा गाभण राहू शकते. म्हणजे दोनाचे वीस व्हायला वर्षही लागत नाही. शिवाय घरी मनी होतीच.

दुसरा ओळखीच्या एका घरातला. लांब, रेशमी केसांचा, अँगोरा वळणाचा, चित्रात काढावा असा. पण त्याचे केस जवळजवळ रोज विंचरावे लागतात. चाटताना ते पोटात जातात, आणि सशाला उलटी करता येत नाही. वर मेमधली महूची दुपार! सशाला घाम येत नाही, कुत्र्यासारखी धापही त्याला नीट टाकता येत नाही. कानांतून जी उष्णता बाहेर जाईल तीच. पारा तिशीच्या पुढे सरकला की साध्या सशालाही त्रास सुरू होतो. मग या लोकरीच्या गोळ्याचं काय व्हायचं? सोलापूर, विजापूरकडच्या वाचकांनी हे विशेष ध्यानात घ्यावं. बेळगावच्या हवेचे लाड सगळ्यांच्या नशिबी नसतात.

तिसरा छावणीतच सापडला. एका कुटुंबाची बदली झाली होती आणि नव्या ठिकाणी त्यांना ससा नेता येत नव्हता. दोन वर्षांचा नर, मातकट भुरा, एका कानाचं टोक जरा फाटलेलं. नसबंदीचं ऑपरेशन झालेलं. आणि मुख्य म्हणजे त्या घरातही कुत्रा होता. आम्ही गेलो तेव्हा हा महाशय कोचाखाली पाय ताणून पडला होता. कुत्रा खोलीतून गेला, तर त्याने कान तेवढा फिरवला आणि पुन्हा डोळे मिटले. डॉक्टरांनी त्याला उचललं, तेही एक हात छातीखाली, एक हात मागच्या पायांखाली देऊन. सशाला कानांना धरून कधीही उचलू नये. अधांतरी राहिला की तो मागच्या पायांनी इतक्या जोराने झटका देतो की त्याचाच कणा मोडू शकतो. मग त्यांनी दात पाहिले, वरचे खालच्यांवर नीट बसतात की नाही. नाक कोरडं, डोळे स्वच्छ, कानांत खपली नाही, शेपटीखाली घाण नाही, तळपायांना फोड नाहीत, लेंड्या गोल आणि कोरड्या. ससा कुठूनही घ्या, एवढ्या सात गोष्टी पाहायला पाच मिनिटं लागतात.

“हाच घ्या,” डॉक्टर म्हणाले.

भाचीचा चेहरा पडला. घरी येईपर्यंत ती बोलली नाही. रात्री गच्चीवर माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, “मावशी, तो गोड नाहीये. म्हातारा वाटतो. मला लहानपणापासून माझा असलेला हवा होता.”

काय सांगावं? समजूत घालायला खूप गोष्टी होत्या. मी तिला माझ्या पिल्लाची गोष्ट सांगितली. सगळी. तिसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंतची, आणि मी काय म्हणाले होते तेही. मोठ्या माणसांनी केलेल्या चुका मुलांना सहसा सांगितल्या जात नाहीत. ती बराच वेळ गप्प राहिली. मग विचारलं, “दादा किती रडला?” मी म्हणाले, “तो रडला नाही गं. त्याने पुन्हा कधी ससा मागितला नाही.”

सकाळी उठून तिने टोपलीत जुनी चादर घातली आणि आईला म्हणाली, “चल, भुऱ्याला आणू या.” दारातून बाहेर पडताना थांबली आणि म्हणाली, “पण त्याचं नाव मोल ठेवायचं.”

आणल्यावर आम्ही काय केलं, ते सविस्तर सांगते, कारण घाई इथेच होते. घरातली सगळ्यात गार, उत्तरेकडची खोली मोलला दिली. दाराला कमरेच्या वर जाईल अशी मजबूत जाळी. आत दोन तोंडांचं खोकं, म्हणजे एका बाजूने कुणी आलं तर दुसऱ्या बाजूने निसटता यावं. सशाला निदान दहा बाय सहा फुटांची मोकळी जागा तरी मिळावी. पिंजरा ही त्याची झोपायची खोली झाली, घर नव्हे. दुपारी पाण्याची बाटली गोठवून, फडक्यात गुंडाळून त्याच्याजवळ ठेवायची. तो आपणहून तिला टेकून बसायचा. विजेच्या वायरी उचलून वर बांधल्या, कारण दिसेल ती वायर ससा कुरतडतो.

पहिले चार-पाच दिवस कुणाचीच गाठ घालून दिली नाही. फक्त वासांची देवाणघेवाण. मोलच्या अंगावरून फिरवलेलं फडकं शेरूच्या चटईवर, शेरूचं फडकं मोलच्या खोलीत. मग जाळीआडून दर्शन. शेरूच्या गळ्यात पट्टा, मेहुण्यांनी त्याला खाली बसवलेलं, आणि नजर सशावरून काढून त्यांच्याकडे वळवली की बक्षीस. पाच मिनिटं झाली की चला बाहेर. इथे मी डोळ्यांत तेल घालून बसायचे. शेरू टक लावून पाहायला लागला, अंग ताठ झालं, की माझ्या छातीत धस्स व्हायचं. पण तो जांभई द्यायचा आणि आडवा व्हायचा. मोल मात्र लगेच खायला लागतो का, याकडे माझं लक्ष. भ्यालेला ससा खात नाही. त्याने गवताची काडी उचलली की मी श्वास सोडायचे.

खाण्याविषयी आपल्या सगळ्यांचा एक गैरसमज आहे, तो चित्रांमुळे झालाय. ससा म्हटलं की गाजर! गाजर त्याला मिठाईसारखं, कधीमधी एखादा तुकडा. त्याचं जेवण म्हणजे गवत. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि गवत चावूनच ते झिजतात. ताटातला मोठा वाटा गवताचा, ओलं आणि वाळलेलं. आपली हरळी, कन्नडातली गरिके, ती तर त्याला मनापासून आवडते. मात्र फवारणी केलेल्या बांधावरची आणू नका. वर मूठभर कोथिंबीर, मेथी, मुळ्याचा पाला. कांदा, लसूण, बटाटा, चपाती, बिस्किट, भात यांतलं काहीही नको. आणि पहाटे तो स्वतःच्या मऊ लेंड्या खाताना दिसला तर नाक मुरडू नका, ओरडूही नका. गाय रवंथ करते तसाच तो त्याच्या पचनाचा भाग आहे.

ज्यांच्या घरात कुत्रा-मांजर आहे त्यांनी औषधांचंही ध्यानात ठेवावं. गोचीड-पिसवांसाठी कुत्र्यांना जे फवारे आणि थेंब वापरतात, त्यांतलं फिप्रोनिल सशाला घातक आहे. कुत्र्याला लावलं तरी ते वाळेपर्यंत दोघांना दूर ठेवा. उरलेल्या गोळ्या द्यायचा मोह तर अजिबात नको. अमॉक्सिसिलिनसारखं नेहमीचं औषधसुद्धा तोंडावाटे दिलं तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि तो दगावू शकतो. म्हणून ससा आणण्याआधी गावातल्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा, “तुम्ही ससे तपासता का?” गाई-म्हशींचे उत्तम डॉक्टर असतील, पण सशाचा अनुभव असेलच असं नाही.

आणखी दोन गोष्टी आपल्या भागापुरत्या. पुष्कळ घरांत ससा आणि गिनीपिग एकाच पिंजऱ्यात दिसतात. दिसायला छान, पण सशाच्या लाथेने गिनीपिग जायबंदी होतो, सशाच्या अंगावरचे काही जंतू त्याला बाधतात, आणि त्याला लागणारं क जीवनसत्त्व सशाच्या खाद्यातून पुरेसं मिळत नाही. दोघांची घरं वेगळी हवीत. दुसरी गोष्ट ऊसतोडीच्या दिवसांतली. फडात सशाची पिल्लं सापडतात आणि पोरं ती घरी आणतात. ती रानसशाची पिल्लं. अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच ती जन्मतात, म्हणून गोंडस दिसतात. घरात पाळतात तो ससा वेगळ्याच जातीचा, मूळ युरोपातला. त्याची पिल्लं उघडी आणि डोळे मिटलेली जन्मतात. रानसशाची आई दिवसभर पिल्लांना एकटं ठेवून लांब असते आणि सांजेला येऊन पाजून जाते. म्हणजे ती पिल्लं पोरकी नसतात. शक्य तर शेजारच्या बांधाच्या आडोशाला ठेवून द्यावीत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानससा पाळायला बंदी आहे, आणि तसाही तो पाळण्यात जगत नाही.

मी बारा दिवसांनी बेळगावला परतले. निघायच्या आदल्या रात्री भाचीने हिशेबाची वही काढली. “मावशी, अज्जी विचारेल मोलचं मोल किती पडलं. काय सांगू?” ससा तर फुकटच मिळाला होता. जाळी, खोकं, गवत, डॉक्टर असं ती लिहीत गेली. मग मी तिला म्हणाले, “नीट सांभाळला तर घरातला ससा आठ-दहा वर्षं जगतो. हा दोन वर्षांचा आहे. तू आता अकराची. वहीत लिही, अजून सहा ते आठ वर्षं.” ती थबकली. तिच्या आयुष्यात इतकी वर्षं ती एका गावात राहिलेली नाही. “म्हणजे पुढच्या बदलीतपण तो येणार?” तिने विचारलं. मी तिच्या वडिलांकडे पाहिलं. ते म्हणाले, “लिही. जिथे आपण, तिथे तो.” ती ओळ तिने पेनने लिहिली, बाकीचा हिशेब पेन्सिलीने होता.

एक उणीव राहिलीच आहे. ससा कळपातला प्राणी आहे. कुत्रा कितीही सालस असला तरी सशाला सशाचीच सोबत लागते. डॉक्टरांनी सुचवलंय की नसबंदी झालेली एखादी मादी, तीही मोठीच, सावकाश ओळख करून देऊन आणावी. बहीण शोधात आहे. तोवर भाची शाळेतून आली की तासभर जमिनीवर पालथी पडून त्याच्याशी बोलते. कन्नडात बोलते म्हणे, कारण महूत तिचं कन्नड ऐकणारा आता तो एकटाच आहे.

परवा बहिणीने फोटो पाठवला. जाळीच्या अलीकडे शेरू पाय पसरून झोपलेला, पलीकडे मोल कुशीवर लवंडलेला, पोट उघडं टाकून. ससा असा झोपतो तो फक्त पुरता निर्धास्त असेल तेव्हा. सासूबाईंना दाखवला. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ पाहिला आणि विचारलं, “एवढी दोस्ती झाली, मग जाळी का नाही काढली?”

मी म्हटलं, जाळी आहे म्हणूनच झोप लागलीय. घरी माणूस नसताना ती कधीच काढायची नाही, असं ठरलंय. एका छपराखाली दोन वेगळे जीव नांदायचे, तर एकाने दुसऱ्यासारखं व्हायला हवं असं थोडंच आहे? ज्याची त्याची जागा राखली की पुरे. दोन भाषांच्या घरात इतकी वर्षं काढलेल्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

सासूबाईंनी फोटो माझ्या मुलाकडे दिला. तो आता वीस वर्षांचा आहे. त्याने काही न बोलता फोटो मोठा करून पाहिला, सशाचं पोट, खोकं, त्याची दोन्ही तोंडं. मग मला विचारलं, “आई, याला गवत कुठलं घालतात?”

बारा वर्षांनी त्याने सशाविषयी विचारलेला हा पहिला प्रश्न.